ऑडिटमध्ये ओपनएसएसएच लाल, पण अपडेट तर सगळे केलेले. ग्रंथालयाच्या सर्व्हरचं काय करू?

ग्रंथालय_पश्चिम_नागपूर

नमस्कार. मी नागपुरातल्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहे. शिक्षण एम.लिब., संगणकाचं नाही. आधी सर्व्हर बघणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा खोलीची किल्ली आणि पासवर्डची चिठ्ठी माझ्या हातात देऊन गेला. तेव्हापासून सर्व्हर माझ्याकडे. तीन वर्षं झाली. जे काही शिकले ते अडलं तेव्हा वाचून, विचारून शिकले, म्हणून इथेही विचारतेय.

सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. त्यावर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालतं. देवघेव, सभासद, ओपॅक (वाचकांसाठीची ऑनलाइन सूची) सगळं त्यातच. शिवाय डीस्पेस हे डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रबंध, जुन्या प्रश्नपत्रिका आणि कॉलेजच्या वार्षिकांकांची स्कॅन केलेली पानं. दोन्ही बाहेरून उघडतात, कारण पोरं घरून प्रश्नपत्रिका बघतात. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजताही कोणीतरी शोधत असतं, हे मी लॉगमध्ये पाहिलंय.

नॅकची टीम यायची आहे म्हणून संस्थेने बाहेरच्या एका एजन्सीकडून सुरक्षा ऑडिट करून घेतलं. अहवालात तीन गोष्टी लाल आहेत. पहिली, ओपनएसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायचा प्रोग्राम) ९.२पी१, त्यापुढे सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा नोंद क्रमांक) आणि शेरा "९.८ किंवा नवीन आवृत्ती टाका". दुसरी, अपाचे वेब सर्व्हरची आवृत्ती जुनी. तिसरी, ओपॅकच्या पानावर जेक्वेरी (वेबपानात वापरायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) १.१२.४.

प्राचार्यांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, सोमवारपर्यंत एकही लाल राहायला नको.

अडचण अशी की मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अपडेट करते. वहीत तारीख लिहिते. गेल्या शनिवारीही केलं. ॲप्ट, म्हणजे डेबियनचं अपडेट आणणारं साधन, म्हणतं, शून्य पॅकेजेस बाकी. तरी ओपनएसएसएच ९.२च राहतं, ९.८ येतच नाही. संगणकाचा पुरवठादार म्हणतो, "मॅडम, डेबियन जुनंच सामान देते. सगळं काढून लेटेस्ट टाकू, नवीन मशीन घ्या." एका ओळखीच्या सरांनी सांगितलं की ओपनएसएसएचचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून त्यावरून प्रोग्राम स्वतः कंपाइल करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

हात लावायची भीती वाटते, आणि त्याला कारण आहे. मागच्या वर्षी जुलैत, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, मी अपडेट चालवलं आणि कोहाने एक पूर्ण आवृत्ती उडी मारली. डेटाबेस बदलायला वेळ लागला, नंतर पावत्यांचा साचा बिघडला. काउंटरवर रांग, बाहेर पाऊस, पोरांच्या हातात ओल्या छत्र्या, आणि मी दोन तास रजिस्टरवर हाताने पुस्तकं देत होते. एका मुलीची एसटी सुटली. बुटीबोरीच्या पुढे राहते ती. मला ते अजून आठवतं.

सांगा, लाल शेरा खरा आहे का? खरा असेल तर ९.८ कसं आणायचं? आणि खरा नसेल तर "खरा नाही" हे मी प्राचार्यांना कशाच्या आधारावर सांगू?

जुना_सर्व्हर_सीताबर्डी

ताई, आधी एक विनंती. सोर्स उतरवून ओपनएसएसएच कंपाइल करू नका. सोमवारच्या आत तर मुळीच नको. का, ते सांगतो. थोडं लांबेल, पण तुमचा प्रश्न लय महत्त्वाचा आहे आणि तो पुष्कळ लोकांना पडून राहिला आहे.

तुम्ही ग्रंथपाल आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. पुस्तक छापून झालं आणि मग चूक सापडली, तर प्रकाशक दोन गोष्टी करू शकतो. नवी आवृत्ती काढतो, किंवा आहे त्याच आवृत्तीत शुद्धिपत्र चिकटवतो. ओपनएसएसएचच्या मंडळींनी नवी आवृत्ती काढली, ९.८. डेबियनने मात्र ९.२ तीच ठेवली आणि चुकीपुरती दुरुस्ती तिच्यात आणून चिकटवली. याला बॅकपोर्ट म्हणतात. मुद्दाम तसं करतात, कारण ९.२ ते ९.८ या प्रवासात इतर शंभर गोष्टीही बदललेल्या असतात आणि त्यातली एखादी तुमचं चालतं काम मोडू शकते. स्टेबल शाखेचा अर्थच तो. वागणूक बदलायची नाही, भोक तेवढं बुजवायचं.

ऑडिटवाल्यांच्या स्कॅनरने बहुतेक मुखपृष्ठावरचा आवृत्ती क्रमांक वाचला आणि शुद्धिपत्र उघडलंच नाही. २२ नंबरच्या पोर्टला कोणी जोडलं की सर्व्हर पहिल्याच ओळीत आपलं नाव सांगतो, "ओपनएसएसएच_९.२पी१ डेबियन-२+डेब१२यू..." असं. यूच्या पुढचा आकडा हे तुमचं शुद्धिपत्र. सीव्हीई-२०२४-६३८७ साठीची दुरुस्ती डेबियन १२ मध्ये यू३ ला आली, १ जुलै २०२४ ला. बातमी फुटली त्याच दिवशी. तुमच्याकडे यू३ किंवा पुढचं असेल तर हे भोक बंद आहे. "डीपीकेजी -एल ओपनएसएसएच-सर्व्हर" चालवा आणि काय येतं ते लिहा.

हे भोक किरकोळ नव्हतं, हेही सांगून ठेवतो. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी शोधलं. २००६ मध्ये बुजवलेली एक चूक २०२० च्या एका बदलात नकळत पुन्हा उघडली आणि ८.५पी१ पासून पुढे येत राहिली. पासवर्ड न देता थेट रूट, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा, मिळण्याची शक्यता होती. म्हणून शेरा लाल आहे यात त्यांचं चुकलं नाही. तुमच्या मशीनवर ते बुजलं आहे की नाही हे पाहिलं नाही, एवढंच.

पुरावा कुठला द्यायचा? डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर उघडा आणि सीव्हीईचा नंबर टाका. खाली तक्ता येतो, कुठल्या शाखेत कुठल्या आवृत्तीत दुरुस्त झालं त्याचा. बुकवर्मची ओळ बघा, डेबियन १२ चंच ते नाव. ते पान छापा, खाली तुमच्या डीपीकेजीची ओळ जोडा. शिवाय "ॲप्ट चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर" चालवलं की त्यात सीव्हीईचा नंबर लिहिलेला सापडतो. अपाचेचंही असंच करा, एकेक सीव्हीई घेऊन.

आता मला ज्याची खरी काळजी वाटून राहिली आहे ते.

अहवालात तिसरी ओळ जेक्वेरी १.१२.४ ची आहे. ती खरी आहे. ३.५.० च्या आधीच्या जेक्वेरीत बाहेरून आलेलं एचटीएमएल पानात घालताना घुसखोरीला वाव राहतो, सीव्हीई-२०२०-११०२२. पण कोहा स्वतः एवढी जुनी जेक्वेरी देत नाही. म्हणजे ती कोणीतरी हाताने आणून ठेवली आहे. ओपॅकच्या पहिल्या पानावर सरकणारी चित्रं आहेत का? बहुतेक त्यांच्यासाठी. ॲप्टने आणलेली वस्तू ॲप्ट दुरुस्त करते. हाताने आणलेली वस्तू ॲप्टला दिसतच नाही. तुम्ही दर महिन्याला "शून्य बाकी" वाचता, ते फक्त ॲप्टच्या यादीपुरतं खरं आहे.

आणि तुमच्याकडे डीस्पेस आहे. डीस्पेसचा शोध सोलर या शोधयंत्रावर चालतो, आणि सोलर जवळपास सगळेच जण हाताने उतरवून ऑप्ट फोल्डरमध्ये सोडतात. ते कधी टाकलं? २०२१ च्या अखेरीस किंवा त्याच्या आसपास असेल तर आजच्या आज त्यातली लॉग४जेची जार बघा. लॉग४जे म्हणजे जावा प्रोग्रामांसाठी लॉग लिहिणारी लायब्ररी, आणि जार म्हणजे तिची फाइल. तुमच्या अहवालात ती नाही, कारण सोलरचा ८९८३ पोर्ट बहुतेक बाहेरून बंद ठेवलेला असणार, मग बाहेरच्या स्कॅनरला ते दार दिसत नाही. पण जरा विचार करा. पोरगं घरून शोधचौकटीत शब्द टाकतं, डीस्पेस तो सोलरला देतं, सोलर तो लॉगमध्ये लिहितं. लॉग लिहिणारी तीच लॉग४जे. सीव्हीई-२०२१-४४२२८ मध्ये गडबड नेमकी लिहिण्यातच होती. मजकुरात ठराविक खूण असली की लॉग४जे तो नुसता लिहीत नसे, त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथून सांगितलेलं उचलून आणत असे. दार बंद असलं तरी चिठ्ठी आत जाते, ताई.

मी ती रात्र विसरत नाही. १० डिसेंबर २०२१, शुक्रवार. तेव्हा मी सीताबर्डीत एका छपाईच्या कारखान्याची मशीनं बघत होतो. थंडी होती, मालक शेगडीजवळ बसलेले, आणि मी एकेका मशीनवर "लॉग४जे-कोअर" नावाची फाइल शोधत होतो. जावाचा एकही प्रोग्राम आम्ही लिहिलेला नव्हता. तरी सापडल्या सात. एक प्रिंटरच्या देखरेखीच्या प्रोग्रामात, एक बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक तर झिपच्या आत वॉर नावाची जावाची फाइल आणि तिच्या आत जार. २.१५.० टाकून घरी गेलो. सोमवारी २.१६.० आलं, कारण आधीची दुरुस्ती अपुरी होती. त्याच आठवड्याच्या शेवटी २.१७.०. डिसेंबर संपायच्या आत २.१७.१. चारदा तेच काम केलं. ती दुरुस्ती करणारी माणसं आपापली नोकरी सांभाळून, बिनपगारी, रात्र रात्र बसली होती हे नंतर वाचलं तेव्हा त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

तर ताई, सोलरच्या फोल्डरात सर्व्हर, मग लिब, मग एक्स्ट असं जा. तिथे लॉग४जे-कोअर नावाची जार असेल, नावातच आकडा आहे. तो आकडा इथे लिहा. त्याआधी काही पुसू नका, हलवू नका.

मिहान_रात्रपाळी

वरच्या दादांनी सगळं नीट सांगितलं आहे. मी दोन गोष्टी जोडते, कारण ऑडिटच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे.

प्राचार्यांकडे "हा शेरा चुकीचा आहे" अशा शब्दांत जाऊ नका. "तपासलं, दुरुस्ती लागलेली आहे, हा पुरावा" असं लिहून न्या आणि तोच कागद एजन्सीला मेल करून फेरतपासणी मागा. बरेच ऑडिटर पुरावा मिळाला की ओळ लालमधून काढतात, ते त्यांच्याही रोजच्या कामाचं आहे. ॲप्टच्या इतिहासाची फाइल असते, तिच्यात कुठल्या तारखेला काय बदललं ते राहतं. तुमची वहीसुद्धा पुरावा आहे. तारखा जुळल्या की माणूस विश्वास ठेवतो.

दुसरी गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून सांगते. दुरुस्ती डिस्कवर लागली म्हणजे ती चालू प्रोग्रामला लागली असं नाही. लायब्ररीची नवी फाइल आली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम स्मृतीतली जुनीच प्रत वापरत राहतो. एलएसओएफ ही उघड्या फाइलींची यादी देणारी आज्ञा चालवून बघा, ज्या ओळींत "डीईएल" दिसेल त्या फाइली डिस्कवरून गेल्या आहेत, पण कोणीतरी त्यांना अजून धरून बसलं आहे. नीडरिस्टार्ट नावाचं पॅकेज टाका, ते प्रत्येक अपडेटनंतर कुठल्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते विचारतं. आणि कर्नेलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, दुरुस्ती तर मशीन रीबूट केल्याशिवाय लागतच नाही. तुमचा सर्व्हर शेवटचा कधी रीबूट झाला? अपटाइम बघा.

जुलैत जे झालं त्यात तुमची चूक कमी, रिपॉझिटरीच्या (पॅकेजेस जिथून येतात त्या साठ्याच्या) ओळीची जास्त. कोहा दर मे आणि नोव्हेंबरला मोठी आवृत्ती काढतं. तुमच्या ॲप्टच्या सोर्सच्या फाइलीत "स्टेबल" असा शब्द असेल तर तो शब्द एक दिवस पुढच्या आवृत्तीकडे बोट दाखवायला लागतो आणि तुमच्या नकळत उडी बसते. तिथे शब्दाऐवजी आवृत्तीचा आकडा लिहा. मग त्या आवृत्तीच्या दुरुस्त्याच येतील आणि मोठी उडी तुम्ही ठरवाल तेव्हा, उन्हाळ्याच्या सुटीत. प्रत्येक वेळी आधी कोहा-डंप, म्हणजे कोहाच्या डेटाची प्रत, घ्या आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर न्या. त्याच डिस्कवरची बॅकअप ही बॅकअप नाही.

पॅकेजर_हिंगणा

ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, फावल्या वेळात एका छोट्या पायथन पॅकेजला दुरुस्त्या पाठवतो. "सगळं काढून लेटेस्ट टाका" हे वाचून राहवलं नाही.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या पॅकेजात मागचं दार सापडलं, सीव्हीई-२०२४-३०९४. दोन वर्षं कोणीतरी चांगला मदतनीस बनून वावरला, थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास कमावला आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये विष घातलं. ते एसएसएचपर्यंत पोचत होतं. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या इंजिनिअरला आपल्या मशीनवर एसएसएचने लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो हा प्रश्न पडला, आणि त्याने तो सोडला नाही. म्हणून जग वाचलं. तेव्हा ज्यांच्याकडे अगदी ताज्या शाखा होत्या, डेबियनची टेस्टिंग वगैरे, त्यांच्याकडे ते पोचलं होतं. डेबियन स्टेबल वापरणाऱ्या तुमच्यासारख्यांकडे पोचलंच नाही. नवं म्हणजे सुरक्षित हे समीकरण नेहमी लागू पडत नाही.

आणि स्वतः कंपाइल केलेलं ओपनएसएसएच पुढच्या सीव्हीईला कोण बदलणार? ज्या सरांनी सांगितलं ते त्या दिवशी असतील का? तेही हाताने आणलेलं सामान होईल.

ग्रंथालय_पश्चिम_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रविवार, पण मी कॉलेजात गेले. वॉचमन काकांनी कूलरमध्ये पाणी भरून दिलं, पारा ४५ वर होता. सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत बसले. काय काय निघालं ते क्रमाने सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

ओपनएसएसएच यू५ आहे. म्हणजे ते भोक कधीच बुजलेलं होतं. चेंजलॉगमध्ये यू३ च्या खाली तो सीव्हीई नंबर माझ्या डोळ्यांनी वाचला आणि पान छापलं. अपाचेच्या अहवालातले चारही सीव्हीई ट्रॅकरमध्ये "फिक्स्ड" आहेत. पण अपटाइम बघितला तर २११ दिवस. दोनशे अकरा दिवस मी वहीत "अपडेट केले" लिहीत होते आणि कर्नेल जुनंच चालत होतं. एलएसओएफमध्ये "डीईएल"च्या ओळी पडदाभर. हे मला कोणी सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. मिहानच्या ताई, तुमचे विशेष आभार.

जेक्वेरी सरकत्या चित्रांसाठीच होती, दादांनी ओळखलं तसंच. २०१८ च्या ग्रंथप्रदर्शनाचे फोटो होते, अजून फिरत होते. कोहाच्या ओपॅकयूजरजेएस या सेटिंगमधून ती ओळ आणि पहिल्या पानावरून ती चित्रं काढली. पान आता लवकर उघडतं.

आणि सोलर. फोल्डरात गेले. नाव लिहिते, "लॉग४जे-कोअर-२.१४.१.जार". सोलर ८.११.०. फाइलीची तारीख नोव्हेंबर २०२१. त्या मुलाने डीस्पेस जानेवारी २०२२ मध्ये बसवलं, पण सोलर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवलेलं असणार. मधल्या दोन महिन्यांत सगळं जग हलून गेलं आणि पेनड्राइव्हला ते कळलं नाही. नंतर आम्ही मशीन डेबियन ११ वरून १२ वर नेलं, तेव्हाही ऑप्ट फोल्डर तसंच राहिलं. "डीपीकेजी -एस" करून त्या जारचा मालक विचारला तर उत्तर आलं, असा मार्ग कुठल्याच पॅकेजात नाही.

तेव्हा मला नीट कळलं. आमच्याकडे दरवर्षी साठा पडताळणी असते. दाखल नोंदवही हातात घेऊन एकेक कपाट बघायचं. नोंदवहीत आहे पण कपाटात नाही ते पुस्तक हरवलं म्हणून लिहायचं. आणि उलटंही सापडतं, कपाटात आहे पण नोंदवहीत नाही. कोणी भेट दिलेलं, कोणी विसरून गेलेलं. त्याच्यावर शिक्का नाही, क्रमांक नाही, म्हणून त्याला वाळवी लागली तरी कोणी बघत नाही. ही जार तशी होती. साडेतीन वर्षं.

लगेच सोलर बंद केलं. पुढे काय करू ते सांगा. प्रश्नपत्रिकांचा शोध बंद आहे आणि १९ तारखेपासून परीक्षा आहे.

जुना_सर्व्हर_सीताबर्डी

ताई, बंद केलंत ते बरोबर. घाबरू नका, पण घाईही नको.

आधी घुसखोरी झाली का ते बघा, कारण दुरुस्ती नंतरही करता येते, खुणा मात्र पुसल्या जातात. सोलर ज्या नावाने चालतं त्या वापरकर्त्याचं क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघा, टेम्प फोल्डरात अनोळखी चालणारी फाइल आहे का बघा, टॉपमध्ये प्रोसेसर खाणारं काही आहे का बघा. त्या भोकातून आलेल्यांनी पुष्कळ ठिकाणी क्रिप्टोचं उत्खनन बसवलं होतं. अपाचेच्या आणि सोलरच्या लॉगमध्ये "जेएनडीआय" शोधा, लॉग४जेच्या त्या खुणेत हा शब्द असतो. अपाचेच्या लॉगमध्ये दोन-चार ओळी सापडल्या तर हादरू नका, आजही बॉट सगळीकडे ते फेकत फिरतात. प्रयत्न वेगळा, यश वेगळं. डेबियन १२ वर तुमचा जावा १७ आहे, त्यात सगळ्यात सोपी वाट आधीच बंद असते. तेवढ्यावर विसंबून मात्र राहू नका. आणि खरंच कोणी आत आल्याचं दिसलं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवावं लागतं, एप्रिल २०२२ च्या आदेशाने. ते प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा.

साफ निघालं तर सोलर ८.११ च्याच मालिकेतली शेवटची आवृत्ती घ्या. ९ वर आत्ता उडी नको. उतरवल्यावर सही किंवा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे हे दाखवणारा आकडा) तपासा. डेटाचा फोल्डर आधी बाजूला कॉपी करा, नवं सोलर त्याला जोडा, डीस्पेसचे कोअर (सोलरमधले त्याचे इंडेक्स) दिसतात का बघा, मग शोध लावून पाहा. इंडेक्स बिघडला तरी जीव खाली-वर करू नका. प्रबंध आणि प्रश्नपत्रिका डीस्पेसच्या असेटस्टोअर आणि पोस्टग्रेसमध्ये आहेत, शोधाचा इंडेक्स त्यावरून पुन्हा बांधता येतो. फक्त आकडेवारीचा कोअर जपा, तो तसा परत बांधता येत नाही. नवं बसेपर्यंत परीक्षेसाठी शोध चालू करायचाच असेल तर जुन्या जारमधून जेएनडीआय-लुकअप नावाचा क्लास झिपच्या आज्ञेने काढून टाका आणि सोलर पुन्हा सुरू करा. भोकाचं मूळ त्या क्लासमध्ये आहे. पण हे दोन दिवसांपुरतं.

ग्रंथालय_पश्चिम_नागपूर

कळवते. क्रॉनटॅब रिकामं. टेम्पमध्ये काही नाही. अपाचेच्या लॉगमध्ये "जेएनडीआय"च्या दोन ओळी, दोन्हींना ४०४, म्हणजे "सापडलं नाही", दिलेला. सोलरच्या लॉगमध्ये एकही नाही, पण तो लॉग मागे फार जात नाही, हे मी अहवालात तसंच लिहिलं. क्लास काढला, रविवारी संध्याकाळी शोध सुरू झाला. पहिला शोध सव्वासात वाजता, "सांख्यिकी २०२३ उन्हाळी".

सोमवारी प्राचार्यांना तीन लाल ओळींची उत्तरं दिली आणि चौथी ओळ मी स्वतः लिहून दिली, जी अहवालात नव्हतीच. त्यांनी ती दोनदा वाचली. मग विचारलं, हे आधी कोणी का नाही सांगितलं? मी म्हटलं, सर, याची नोंदवहीच नव्हती. नवीन मशीनचा विषय त्यांनी बाजूला ठेवला.

मंगळवारी रात्री नवं सोलर बसवलं. हिंगण्याचा दादा, म्हणजे वरचा पॅकेजर, फोनवर सोबत होता. चेकसम मी अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचलं आणि त्याने पलीकडून ताडून पाहिलं. रीबूट केलं तेव्हा पडद्यावर लॉगिनची ओळ यायला चार मिनिटं लागली. तोवर मी खुर्चीवरून उठले नाही.

आता अपडेटच्या वहीच्या मागच्या पानांवर दुसरी यादी सुरू केली आहे. "हाताने आणलेले" असं वर लिहिलं. रकाने चार, वस्तू, कुठून आणली, आवृत्ती, शेवटचं कधी तपासलं. पहिली नोंद सोलर. दुसरी डीस्पेस. तिसरी बारकोड छापायची स्क्रिप्ट, ती कोणी लिहिली तेच सापडलेलं नाही. पुण्याच्या त्या मुलाला विचारलं आहे, त्याने शनिवारी फोन करतो म्हटलं आहे.